तीन रविवार आणि एक परात

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, जहाजावर इंजिनात काम करतात. सुट्टीवर आले की पहिले आठ दिवस तांबडा-पांढरा, सुकं मटण आणि झोप. मग गोष्टी सुरू होतात. बंदरांच्या गोष्टी पुष्कळ, पण जेवणाची गोष्ट एकच आणि ती दर सुट्टीत ठरलेली. ग्रीसमध्ये पिरिअस बंदराला लागून पेरामा म्हणून गाव आहे, तिथे जहाजं दुरुस्तीला लागतात. त्यांचं जहाज तिथे पाच आठवडे उभं होतं. मुख्य इंजिनिअरचं घर जवळच. त्याच्या आईने पाचही रविवारी भाऊजींना जेवायला बोलावलं आणि त्यातल्या तीन रविवारी एकच पदार्थ केला. खिम्याच्या जाड, लांबट वड्या आणि त्यांच्याखाली लिंबात न् तेलात भाजलेले बटाटे, सगळं एकाच ट्रेमध्ये. त्या वडीला बिफ्तेकी म्हणतात, अनेक असल्या की बिफ्तेकिया. आम्ही घरात आपल्या वळणाने बिफ्तेक्या म्हणायला लागलो.

ह्या जानेवारीत ते आले आणि पुन्हा ती गोष्ट निघाली. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. हातातला लसूण खाली ठेवून म्हणाल्या, "ज्या बाईनं माझ्या पोराला पाच रविवार जेवू घातलं, तिचं जेवण एकदा आपल्या घरात झालं पाहिजे." मग करणं आलंच. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात सासूबाईंचा शब्द कुणी खाली पडू देत नाही आणि मलाही मनापासून करून बघायचं होतं.

भाऊजींच्या फोनमध्ये त्या आजींनी सांगितलेलं सगळं लिहिलेलं होतं. खिमा, रात्रीचा शिळा ब्रेड भिजवून पिळलेला, किसलेला कांदा, एक अंडं, पार्सली, पुदिना, मीठ, मिरी, ऑलिव्ह तेल आणि रिगानी. रिगानी म्हणजे ओरेगानो. तिथून येताना त्यांनी ह्याची वाळलेली जुडीच आणली होती, काड्यांसकट. हातावर चुरगळली आणि सासूबाईंच्या नाकाशी धरली, तर त्या लगेच म्हणाल्या, "ओवा हाय की ह्यात." नाक पक्कं आहे त्यांचं. रिगानी तुळशी-पुदिन्याच्या कुळातली आणि ओवा जिऱ्या-कोथिंबिरीच्या कुळातला, म्हणजे नात्याने दोघं लांबचे. पण थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही जी उग्र वासाची द्रव्यं आहेत, त्यांच्यामुळे वासात सख्खेपणा येतो.

दुसरी गंमत भाऊजींनी सांगितली. त्या आजी खिम्याला 'किमा' म्हणायच्या. त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपल्यासाठी मुद्दाम आपला शब्द वापरतायत. तसं नव्हतं. तुर्की भाषेत बारीक केलेल्या मांसाला 'कियमा' म्हणतात, तोच शब्द एका वाटेने ग्रीसला गेला आणि दुसऱ्या वाटेने फारसी-हिंदी करत आपल्याकडे आला. बिफ्तेकी हा शब्द मात्र पश्चिमेकडून आलाय, फ्रेंच 'बिफ्तेक'वरून, आणि त्याचं मूळ इंग्रजी 'बीफस्टेक'मध्ये. तिथे हा खिमा गाईचा किंवा गाय-डुक्कर मिसळून असतो. आम्ही बकऱ्याचा घेतला. कोल्हापुरात रविवारी दुसरं काय घेणार? मटणाचा दर वाढला म्हणून 2019 च्या शेवटी आंदोलन करणारं गाव आहे हे.

पहिल्या रविवारी सकाळी दुकानासमोरच्या रांगेत उभी राहिले आणि नेहमीच्या सवयीने सांगितलं, "पाऊण किलो खिमा, चरबी सगळी काढून." इथेच पहिली चूक झाली, ती नंतर कळली. घरी आल्यावर मी तो खिमा मीठ घालून चपातीच्या कणकेसारखा मळला, चांगली पंधरा मिनिटं, अगदी चिकट गोळा होईपर्यंत. एकजीव झाला म्हणून समाधान वाटलं. बटाट्याच्या लांब फोडी केल्या, आजींनी सांगितल्याप्रमाणे त्यावर लिंबू पिळलं. ऑलिव्ह तेल अर्धी वाटी घालायचं मन होईना, म्हणून घाण्याचं शेंगतेल घातलं. घरचा ओव्हन 28 लिटरचा, त्याचा ट्रे दोन वहीच्या पानांएवढा. त्यात बटाटे दाटीवाटीने भरले, त्यांच्यावर बिफ्तेक्या अंगाला अंग लावून मांडल्या आणि 180 अंशांवर ठेवून दिलं.

तासाभराने बघितलं तर ट्रेमध्ये पाणीच पाणी. बिफ्तेक्या भाजल्याच नव्हत्या, त्या पाण्यात उकडल्या होत्या, करड्या दिसत होत्या. चावल्या तर रबरासारख्या. बटाटे बाहेरून मऊ वाटत होते, पण सुरी आत टोचली की कच्च्या बटाट्याचा करकर आवाज. अजून अर्धा तास ठेवले, तरी तेच. भाऊजी काही बोलले नाहीत, दोन खाल्ल्या आणि भात मागितला. सासूबाईंनी उरलेल्या बिफ्तेक्या कुस्करून कांदा-लसूण चटणीत परतल्या आणि संध्याकाळी भाकरीबरोबर सगळ्यांनी खाल्ल्या. त्यांचं म्हणणं सुरुवातीपासून तेच होतं, "खिमा म्हटल्यावर चटणी नको व्हय?"

त्या आठवड्यात मी नीट विचार केला. काय झालं हे कळल्याशिवाय परत करण्यात अर्थ नव्हता.

बटाट्याचं कोडं सासूबाईंनीच सोडवलं. म्हणाल्या, "आमसूल आधी घातल्यावर डाळ शिजती का?" बरोबर! आंबटाने भाजीतलं पेक्टिन, म्हणजे भाजीचे कण एकत्र धरून ठेवणारं द्रव्य, घट्ट राहतं, ते विरघळत नाही, म्हणून फोड मऊ होत नाही. आपण आमटीत चिंच शेवटी घालतो ती ह्याचसाठी. हे मला रोजच्या स्वयंपाकात माहीत होतं, पण परका पदार्थ म्हटल्यावर डोकं वापरायचं राहून गेलं. ग्रीक बायका लिंबू आधीच घालतात, हे खरं. पण त्यांचा ओव्हन मोठा, तापलेला, आणि बटाटा दीड-दीड तास आत असतो. माझ्या छोट्या ओव्हनला तेवढा दम नव्हता.

खिम्याचं कारण मीठ आणि मळणं. मीठ घालून मांस रगडलं की त्यातली प्रथिनं सुटून चिकट होतात आणि एकमेकांना धरून बसतात. थोडं हवंच, नाहीतर वडी फुटते. जास्त झालं की चेंडू होतो. त्यात बकऱ्याचा खिमा मुळात कमी चरबीचा आणि मी होती तीही काढायला लावली होती. मग ओलावा राहणार कुठून?

दुसऱ्या रविवारी दुकानात सांगितलं, "चरबी राहू दे, चार वाट्याला एक वाटी." दुकानदाराने मान वर करून बघितलं. "वैनी, आज चरबी ठेवायची व्हय? दर वेळी काढायला लावतासा." मशीनमधून एकदाच काढायला लावलं, दोनदा नाही. शेजारच्या बेकरीतले आदल्या दिवशीचे तीन पाव पाण्यात भिजवून घट्ट पिळले. हा पाव म्हणजे खिमा वाढवायची युक्ती आहे असं मला आधी वाटायचं. तसं नाही. पावातला स्टार्च खिम्यातून सुटणारं पाणी धरून ठेवतो, म्हणून वडी आतून लुसलुशीत राहते. पाव नको म्हणून कुणी कोरडा चुरा घालत असेल तर घालू नका, भिजवून पिळलेला पावच घाला.

कांदा किसायचं काम सासूबाईंनी घेतलं. चिरून चालत नाही, कारण चिरलेला तुकडा भाजताना आकसतो आणि वडीला तिथे भेग पडते. त्यांनी एक मोठा कांदा बारीक किसणीवर किसला, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण कांद्याचा रस काही फेकू दिला नाही. "ह्यातच तर चव हाय." तो रस सगळा खिम्यात गेला. पार्सली कपिलतीर्थ मंडईत मिळाली नाही, म्हणून कोथिंबीर घातली. वाईट लागली नाही, पण तोंडात टाकताक्षणी भाऊजी म्हणाले, "वैनी, हे कबाब झालं." खरंच, कोथिंबिरीने चव लगेच आपल्याकडे वळते. पार्सली नसेल तर नुसता पुदिना घालावा, तोही थोडाच. चार लोकांच्या खिम्याला दहा-बारा पानं.

बटाटे ह्या वेळी आधी मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळून घेतले. बिफ्तेक्यांची चव सुधारली, बटाटे शिजले. पण पाण्याची तक्रार राहिलीच. ट्रे लहान, वाफ कोंडते, कुठेच लालसर रंग धरत नाही. दोन खेपांत केलं असतं तर बटाट्यांवर खिम्याचा रस पडला नसता, आणि तो पडला नाही तर ह्या पदार्थात उरतं काय? त्यातच भर दुपारी लाईट गेली ती पाऊण तासाने आली. सगळं अर्धवट तापलेल्या ओव्हनमध्ये बसून राहिलं.

त्या पाऊण तासात भाऊजींनी जे सांगितलं त्याने पुढचा रस्ता दिसला. त्या आजी लहान असताना त्यांच्या घरी ओव्हनच नव्हता. रविवारी सकाळी आई ट्रे भरून द्यायची, मुलीने तो डोक्यावरून गल्लीतल्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन द्यायचा, मग सगळे चर्चला, आणि येताना तयार जेवण उचलून घरी. ग्रीसमध्ये जुन्या काळी घरोघरी असंच चालायचं. बेकरीला आणि भट्टीला त्यांच्यात शब्दही एकच, फुर्नोस. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गल्लीच्या टोकाची बेकरी. लहानपणापासून आपण दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजायला कुठे जातो?

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी बेकरीवाल्या काकांना जाऊन विचारलं. ते पहिल्यांदा गप्प राहिले. "मटणाचा वास भट्टीत राहिला तर उद्याच्या पावाला लागंल." त्यांचं बरोबर होतं, गिऱ्हाईक त्यांचं. मी म्हटलं, तुम्ही सांगाल त्या वेळेला आणते, वरून झाकून आणते. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "चार वाजता या. शेवटचा पाव निघालेला असतोय. रात्रभर भट्टी उघडी ठेवतो, वास जातोय. पण एकदाच हां, ताई."

त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस कामाला लागलं. मुलगी म्हणाली, "आई, पुदिना मी निवडतो." भाऊजी बटाटे सोलायला बसले. सोलता सोलता त्यांनी आजींकडून ऐकलेली कापोदिस्त्रियासची गोष्ट सांगितली. हा स्वतंत्र ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख, 1828 साली ग्रीसला येऊन त्याने कारभार हातात घेतला. लोकांनी बटाटा लावावा अशी त्याची इच्छा, पण शेतकरी शिवेनात. तेव्हा म्हणे त्याने बटाट्याचे ढीग रचून त्यावर पहारे बसवले. एवढा पहारा आहे म्हणजे काहीतरी मोलाचं असणार म्हणून लोक रात्री चोरून नेऊ लागले, आणि पहारेकऱ्यांना मुद्दाम तिकडे काणाडोळा करायला सांगितलं होतं. दंतकथा आहे, पण ग्रीसमध्ये ती सगळ्यांना ठाऊक. आपल्याकडे बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला आणि नावही त्यांचंच ठेवून गेला.

भांड्याचा प्रश्न होता. बेकरीचे काळे पत्र्याचे ट्रे मोठे असतात, पण लोखंडी पत्र्यात लिंबाचा रस घातला तर चव बिघडणार. मग आमची स्टीलची मोठी परात काढली, कणीक मळायची. घरच्या ओव्हनमध्ये ती कधीच मावली नसती. तिच्यात सव्वा किलो बटाट्याच्या फोडी एका थरात बसल्या, एकीवर एक नाही. मीठ, सहा पाकळ्या लसूण ठेचून, चमचाभर रिगानी, पाऊण वाटी पाणी आणि ह्या वेळी मन घट्ट करून अर्धी वाटी ऑलिव्ह तेल. माझं आता स्पष्ट मत आहे की इथे काटकसर करू नये. जगात माणशी ऑलिव्ह तेल खाण्यात ग्रीस अगदी वरच्या पंगतीत आहे आणि हा पदार्थ त्या तेलावरच उभा आहे. शेंगतेल मला जीव की प्राण, पण त्याचा स्वतःचा वास इतका ठळक की लिंबू आणि रिगानी मागे पडतात. खिम्यात घालायला दोन चमचे पुरतात, बाकी सगळं बटाट्यांना. लिंबं सहा घेतली होती, आपली लिंबं लहान असतात. दोनांचा रस आधी, चारांचा वाटीत काढून बाजूला ठेवला.

खिमा ह्या वेळी पाचच मिनिटं मळला, बोटांनी, तळहाताने दाबून नाही. मग तासभर फ्रीजमध्ये. गार खिमा वळायला सोपा जातो. लिंबाएवढे दोन गोळे एकत्र केले तर जेवढं होईल तेवढी एक बिफ्तेकी, अशा दहा झाल्या. हात तेलाचा करून लांबट वळायच्या, दोन बोटं जाड ठेवायच्या आणि मध्ये अंगठ्याने हलका खळगा द्यायचा. भाजताना मधला भाग फुगतो, खळगा असला की वडी सपाट राहते. खळगा द्यायचं काम मुलीने केलं. शेवटच्या दोन वड्यांवरचे खळगे इतके लहान होते की तिचाच अंगठा ओळखू येत होता.

चार वाजता परात घेऊन आम्ही तिघं बेकरीत. भट्टीचं तोंड उघडलं आणि गरम झोत अंगावर आला. आत विस्तव नव्हता, नुसत्या तापलेल्या विटा. काकांनी मैद्याची चिमूट भट्टीच्या फरशीवर टाकली आणि बघत उभे राहिले. मैदा हळूहळू पिवळा, मग तांबूस झाला. "लगेच काळा पडला असता तर अजून थांबायला लागलं असतं. आता ठेवा." काटा नाही, आकडा नाही. लांब दांड्याच्या लाकडी फळीवर परात ठेवून त्यांनी ती एका दमात आत सरकवली, पाण्यावर होडी सोडावी तशी.

पहिली चाळीस मिनिटं नुसते बटाटे. परात बाहेर काढली तेव्हा फोडींच्या कडा सोनेरी व्हायला लागल्या होत्या आणि खाली तेल-पाणी खदखदत होतं. तिथेच उभ्या उभ्या बाकीचा लिंबाचा रस वरून ओतला. चर्र आवाज झाला आणि जो वास उठला, त्याने बेकरीतली दोन पोरं काम सोडून बघायला आली. भाऊजी डोळे मिटून म्हणाले, "हाच." मग फोडी उलथल्या, त्यांच्यावर बिफ्तेक्या मांडल्या, प्रत्येकीत बोटभर जागा सोडून. परत आत. वीस मिनिटांनी एकदा पालथ्या केल्या, आणखी पंधरा मिनिटं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. मटणाच्या तुकड्यावर जंतू असले तर ते बाहेरून असतात, पण खिमा काढताना तेच आतपर्यंत मिसळले जातात. म्हणून खिमा आत 71 अंशांपर्यंत तापायला हवा. माझ्याकडे मोजायचं साधन नाही, म्हणून सगळ्यांत जाड बिफ्तेकी मधोमध कापून बघितली. गुलाबी काही नाही, रस स्वच्छ. वरून खरपूस, आतून ओली. दाबली की रस बटाट्यावर गळत होता.

काकांना दोन बिफ्तेक्या आणि वाटीभर बटाटे तिथेच काढून दिले.

घरी सासूबाईंनी तोवर ताटं मांडली होती. गंगावेशीत दूध कट्ट्यावरून आणलेल्या म्हशीच्या दुधाचं दही सकाळीच फडक्यात टांगलं होतं. त्या चक्क्यात किसून पिळलेली काकडी, लसूण, मीठ आणि तेलाचे थेंब. त्झात्झिकी म्हणतात त्याला तिकडे. आपल्या काकडीच्या कोशिंबिरीची ती दाट बहीण, दाण्याचा कूट आणि फोडणी वजा केलेली. बकऱ्याची चरबी गार झाली की थिजते, म्हणून परात आली तशी सगळे लगेच बसले.

भाऊजींनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फोन काढून परातीचा फोटो इंजिनिअरला पाठवला. आम्ही सगळे बिफ्तेक्यांविषयी बोलत होतो, चरबी किती, पाव किती. सासूबाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. परातीच्या कडेला चिकटलेली एक फोड त्यांनी उचटून काढली होती. खालून कडक तांबूस, वरून मऊ, लिंबाने आणि मटणाच्या रसाने भरलेली. ती खाल्ली, मग दुसरी शोधली. मग भाकरीचा तुकडा मोडून परातीच्या तळाचा रस पुसून घेतला आणि म्हणाल्या, "खिमा बटाट्यासाठी हाय गं ह्यात. पुढच्या बारीला बटाटं जास्त घे."

रात्री इंजिनिअरचं उत्तर आलं. फोटो त्याने आईला दाखवला होता आणि आजींनी एवढंच विचारलं होतं, बटाटे इतके कमी का?